माध्यमवार निकाल लावणाऱ्या साहेबांस



दहावीचा निकाल लागला की आपण माध्यमवार टक्केवारीचा तक्ता काढता, मराठी माध्यमावर बोट ठेवता आणि बेळगावकडच्या आमच्या पोरांना कन्नड, नाहीतर इंग्रजी शाळेत घाला म्हणता. सीमाभागातल्या मुलांची इतकी काळजी हल्ली कोण करतं? आभारी आहोत.

मराठीतून शिकल्याने मुलं मागे पडतात, हे आपलं निदान. असेलही. आमच्यासारख्या शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक. ६० पटापर्यंत दोनच, कायद्यात चोख बसतं. पहिली ते तिसरी ‘नली-कली’ पद्धतीच्या एका वर्गात एकत्र, चौथी-पाचवी शेजारच्या खोलीत. गुरुजी मतदारयादी घेऊन गावात गेले की पाचही वर्ग बाईंच्या गळ्यात. बाई फळ्यावर भागाकार मांडतात आणि टेबलावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसने आजच्या आज मागवलेली माहिती कन्नडमध्ये भरतात. माहिती वेळेत पोचते. भागाकार उद्या. हायस्कूलमध्ये गणिताची जागा रिकामी असली की अतिथी शिक्षकावर भागवायचं. शाळा वेळेवर भरते, अतिथी सवडीने येतात. दोष अर्थातच मराठीचा.

शिवाय ज्यांना झेपतं त्यांनी पोरं केव्हाच व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी शाळेला धाडलीत. मागे राहिली ती बहुतेक बांधकामावर नि शेतमजुरीला जाणाऱ्यांची. त्यांच्या गरिबीची सरासरी काढून ती भाषेच्या नावावर चढवायची, हे हिशेबाचं कसब आम्हाला कुठल्याच माध्यमात शिकवलं नाही.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यांनी प्रयत्न करावा, असं घटनेचं ३५० अ कलम सांगतं. कलम १९५६ चं आहे. प्रयत्न चालू असणारच, आमची घाई नाही.

‘महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती,’ असं आमच्यातलेच काही जण छातीठोक सांगतात. त्यांना एकदा महाराष्ट्रातल्याच जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळा दाखवून आणा. कन्नड जाणणारा शिक्षक द्या, म्हणून तिथले पालक अर्ज करतात, मराठीत. तिथे कच्चं माध्यम कन्नड! हद्द ओलांडली की भाषेची अक्कल अशी कशी बदलते, यावरही एखादा तक्ता होऊन जाऊ दे.

तोवर एवढंच करा. पुढच्या निकालात टक्केवारीशेजारी एक रकाना वाढवा: शिक्षकांच्या रिकाम्या जागा. कन्नडमध्ये छापलात तरी चालेल, आम्हाला वाचता येतं.

आपला,
सीमाभागातला एक मराठी मास्तर