रात्री दोनचा जॉब

गावी गेलो की पाहुणे विचारतात, "जॉब कसा चाललाय?" मी सांगतो, "चाळीस मिनिटांत संपतो." मग ते विषय बदलतात आणि आईकडे बघतात.

चूक त्यांची नाही. मी एका दूध कंपनीत आहे. नाव सांगत नाही, पगार तिथूनच होतो. तिच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ जेवढ्या किटल्या रित्या होतात तेवढ्या घटना आमच्याकडे जमा होतात. शेतकऱ्याचा कोड, पाळी, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ. आम्ही दूध साठवत नाही, ते नासतं. दूध घातल्याची घटना साठवतो. ती नासत नाही. फार तर चुकते.

हे कुणाला नवीन वाटत असेल तर त्यानं तलाठ्याचं दप्तर आठवावं. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. वारस लागला, खरेदी झाली, सोसायटीचा बोजा चढला, उतरला, की एकाखाली एक नोंद आणि प्रत्येकीला नंबर. जुनी नोंद खोडायची नाही. चुकली तर दुरुस्तीचा नवा फेरफार धरायचा. सातबारा म्हणजे त्या सगळ्या फेरफारांची आजची बेरीज. आमच्या धंद्यातली माणसं हेच परदेशातून शिकून येतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. घटना ठेवायच्या सॉफ्टवेअरचं नाव काफ्का. लिंक्डइनच्या इंजिनिअरांनी ते केलं, २०११ साली सगळ्यांना खुलं केलं, आणि नाव दिलं प्रागच्या त्या लेखकाचं, ज्याच्या कादंबरीतला माणूस आपल्यावर आरोप काय आहे हे शेवटपर्यंत हुडकत फिरतो. नाव ठेवणाऱ्यांनी बिलाची चौकशी करायला आलेला दूध उत्पादक पाहिलेला असण्याचं कारण नाही. तरी जमलंय.

तर रात्री दोनला जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, उठतो. दिवसभराच्या घटना वाचतो, गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दरपत्रक लावतो, पॉइंट कमी पडले तर पैसे कापतो, पेंडीची उचल वळती करतो आणि दहा दिवसांनी बिल काढतो. त्याचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे तो काही विचारत नाही. माणूस या जागी असता तर आज दूध कमी का, पाऊस आहे का, गाय आटली का, अशा चौकशा करत बसला असता. १ जून २०१७ ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि जिल्ह्यात रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. आमच्या केंद्रांवर थेंब आला नाही. जॉब ठरल्या वेळी उठला, शून्य नोंदी वाचल्या, शून्याला दर लावला, आणि अकरा सेकंदांत हिरवी खूण दाखवून झोपला. 'यशस्वी.' त्या रात्रीचा वेग आजवर मोडलेला नाही, आणि महिन्याच्या बैठकीत माझं त्याबद्दल कौतुक झालं होतं.

दुसरा गुण चिकाटी. मध्येच नेट गेलं तर तो हरत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तीनदा प्रयत्न करायची मुभा मीच दिलेली आहे. एका पावसाळ्यात दोन वेळा अर्ध्यात तुटून तिसऱ्यांदा तडीस गेला, आणि अर्ध्या शेतकऱ्यांचं त्या दिवसाचं दूध तिप्पट लागलं. त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार आली नाही. तक्रार लेखा विभागाची आली. म्हणून मी जॉबमध्ये एक चाळणी बसवली. एका कोडचं, एका तारखेचं, एका पाळीचं दूध एकदाच. दुसरी नोंद दिसली की नक्कल समजून बाजूला. चाळणी निर्दोष आहे. तिच्यावर मी सादरीकरणही केलंय.

आता मावशीची गोष्ट. मावशी संगमनेर तालुक्यात असते, दोन संकरित गाई आहेत. तिचं घटनाभांडार भिंतीवर टांगलेलं असतं. कालनिर्णयच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं वर सकाळचे लिटर, खाली संध्याकाळचे. या व्यवस्थेत चाळणी नाही, पुन्हा प्रयत्न नाहीत, हिरवी खूण नाही. तरीही मावशी तिच्यावर विश्वास ठेवते, हे अज्ञान नाही तर काय?

"चार तारखेच्या सकाळी मी दूधच घातलं नाय म्हणं तुझं मशीन," ती फोनवर म्हणाली. "नऊ लिटर चारशे. पावती हाय माझ्याकडं."

मी तिला समजावलं की पावती ही फक्त पावती असते. तरी घरचं माणूस म्हणून भांडार उघडलं. पावती खरी होती, घटनाही होती. चार तारीख, पहाटे सव्वापाच, ९.४ लिटर, फॅट ३.८. फक्त ती तीन तारखेत बसलेली होती.

कारण अगदी शास्त्रशुद्ध आहे. आमचा सर्व्हर ग्रिनिचची वेळ पाळतो. साऱ्या जगाचा हिशेब एका घड्याळावर ठेवावा, ही चांगली पद्धत मानतात. ग्रिनिच आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे सव्वापाच वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे पावणेबारा झालेले असतात. तारीख काढताना वेळ आधी आपल्याकडची करून घ्यायची, एवढी एक ओळ लागते. ती मी पुढच्या आठवड्यात लिहिणार होतो. तो आठवडा २०१६ सालचा.

तीन तारखेला मावशी पाच चाळीसला केंद्रावर गेली, ते दूध तीन तारखेला लागलं. चार तारखेला नातीची एसटी लवकर होती म्हणून सव्वापाचला गेली, तेही तीन तारखेला लागलं. तीन तारखेला दोन सकाळी झाल्या. चाळणीनं आपलं काम केलं. इतकी वर्षं तारीख एका दिवसानं सरकत होती तेव्हा कुणाचं नुकसान नव्हतं. नुकसान व्हायला आधी सुधारणा व्हावी लागली.

मावशीला मी एवढंच सांगितलं की तुझं दूध हरवलेलं नाही. ते आमच्याकडे सुखरूप आहे, कायमचं. फक्त मोजलेलं नाही.

तिचं समाधान झालं नाही, म्हणून रीतसर फेरतपासणी केली. घटनाभांडाराचं वैभवच हे, की सगळा इतिहास पुन्हा पहिल्यापासून चालवून बघता येतो. मी तोच जॉब त्याच घटनांवर पुन्हा चालवला. अठरा तास लागले. उत्तर पैशापर्यंत तेच आलं. दोनदा एकच उत्तर आल्यामुळे बिल बरोबर असल्याचं सिद्ध झालं आणि तक्रार बंद झाली.

असं नाही की जॉब फक्त लहान माणसांशीच कडक वागतो. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. केंद्रांच्या नोंदींत नाव बदललं, जुन्या घटना मात्र जुन्याच नावानं राहिल्या, घटना खोडायची नाही हा नियम. महिन्याच्या अहवालात एक जिल्हा दुधाच्या धंद्यातून साफ उठला होता आणि दुसरा शून्यातून उभा राहिला होता. शून्यानं भागता येत नसल्यामुळे त्याच्या वाढीच्या रकान्यात 'अमर्याद' आलं. वरिष्ठांनी विचारलं, अहिल्यानगरवाल्यांनी नेमकं काय केलं, ते बाकीच्या जिल्ह्यांना शिकवता येईल का.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान लागू केलं. त्यासाठी गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी होती. म्हणजे गाय जातीनं भांडारात आली. मावशीच्या तांबडीनं गव्हाणीला कान घासून बिल्ला पाडला. बिल्ला नसलेली घटना जॉबला कळत नाही, म्हणून तो ती वेगळ्या रांगेत ठेवतो. त्या रांगेला आमच्यात 'डेड लेटर' म्हणतात, टपाल खात्यात बेवारस पत्रांना म्हणतात तसंच. रांग मी रोज बघतो. लांब आहे. जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतुळला शेतकरी लिटरला ४० रुपये भाव मागत धरणं धरून बसले, ती घटना मात्र या रांगेतही नाही. तिला फॅट नव्हतं.

तक्रार बंद झाली तरी मावशी कालनिर्णय घेऊन थेट केंद्रावर जाऊन बसली, आणि तिच्या मागोमाग भल्या पहाटे दूध घालणारे आणखी सात-आठ जण. तेव्हा मी वर कळवलं की वेळेची ती ओळ लिहितो. वरिष्ठ म्हणाले, चालू जॉबला हात लावायचा तर चाचणी आली, मंजुरी आली, आणि हिरवी खूण गेली तर जबाबदार कोण? त्यांनी दूरदृष्टीनं दुसरा मार्ग काढला. सोमवारी सगळ्या केंद्रांवर परिपत्रक लागलं. सकाळचं संकलन यापुढे साडेपाचनंतरच सुरू होईल, उत्पादकांनी सहकार्य करावं.

परवा मावशीच्या गावी होतो. पाचला जाग आली. गोठ्यात दिवा होता, तांबडी हंबरत होती, कास भरून आलेली. मावशी किटली घेऊन उंबऱ्यावर बसली होती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

"थांब गं बाई," ती गाईला म्हणाली, "अजून कालच चाललाय."