सियालदहचा टायरपारखी

टायरपारखी हा छोट्या मालवाहू गाडीचा मालक असतो, बहुधा चालकही तोच असतो, आणि टायर निवडणे हा त्याचा मुख्य व्यवसाय असतो. भाजी वाहणे हा जोडधंदा. हा माणूस देशभर आढळतो. वाशीच्या बाजार समितीच्या आवारात त्याचा चांगला भरणा आहे. पण अस्सल नमुना पाहायचा तर कोलकात्यात सियालदहला जावे. स्थानकासमोरचा रस्ता ओलांडला की कोले मार्केट हा भाजीचा घाऊक बाजार लागतो. भांगड, नदिया, हुगळी या भागांतून रात्रीच्या अंधारात गाड्या येतात, दिवस वर येईपर्यंत रिकाम्या होतात, आणि पुढच्या खेपेपर्यंत मालकाकडे वेळच वेळ उरतो. टायरपारखीची पैदास या उरलेल्या वेळात होते.

त्याची गाडी बहुतेक वेळा टाटा एस असते, ऐपत बरी असेल तर बोलेरो पिकअप. एस २००५ साली पुण्यात जन्मली आणि छोटा हाथी या नावाने देशभर पसरली. बंगालात मात्र कुठल्याही लहान मालवाहू गाडीला ‘मॅटाडोर’ म्हणण्याची जुनी सवय आहे, आणि मूळ मॅटाडोरही आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. त्यामुळे गाडी बंद पडली की पुण्याला नावे ठेवण्याची सोय बंगाली माणसालाही झालेली आहे.

टायरच्या निवडीचा मोठा हंगाम हिवाळ्याच्या तोंडावर येतो. थंड देशांत यासाठी वेगळे टायरच मिळतात. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की नेहमीचे रबर ताठरते आणि रस्त्यावरची पकड सुटते, म्हणून तिकडे मऊ रबराचे, नक्षीत बारीक चिरा असलेले टायर चढवतात. कोलकात्याचा किमान तापमानाचा नीचांक ६.७ अंश आहे आणि तो १८९९ सालचा, म्हणजे पिकअप रस्त्यावर येण्याच्या फार आधीचा. जानेवारीतल्या पहाटेही पारा तेरा-चौदाच्या आसपास अडतो. तेवढ्या थंडीवर कोलकातेकर माकडटोपी चढवतो. गाडीला टोपी घालता येत नाही, म्हणून तो टायरकडे वळतो.

कारणे अगदीच खोटी नसतात. पावसाळ्यात आमहर्स्ट स्ट्रीट आणि ठनठनियाच्या तुंबलेल्या पाण्याखाली कुठे काय आहे ते चाकालाच आधी कळते, आणि ते कळल्याची खूण टायरच्या कडेवर चिरेच्या रूपाने राहते. ओल्या ट्रामरुळांवर गुळगुळीत टायर आडवा सरकतो. हिवाळा आला की फुलकोबी, वाटाणा आणि मागाहून नवा बटाटा यांची रीघ लागते, खेपा वाढतात, पहाटे धुके असते आणि दवाने रस्ता ओला असतो. शिवाय हवा थंड झाली की टायरमधली हवाही आकसते: तापमान १० अंशांनी उतरले तर दाब दीड-दोन पौंडांनी घटतो. यावर उपाय म्हणजे हवा भरणे. तो स्वस्त आणि दोन मिनिटांचा असल्याने टायरपारखीला त्यात रस नसतो.

खरे तर खरेदी सप्टेंबरातच व्हायला हवी. १७ तारखेच्या सुमारास विश्वकर्मा पूजा असते. आपल्याकडे खंडेनवमीला गाड्यांना हार पडतात तसे तिकडे त्या दिवशी. नव्या टायरला शेंदूर लागावा असा मानस दरवर्षी असतो. पण पूजेला खर्च, दुर्गापूजेला त्याहून मोठा खर्च, मग लक्ष्मीपूजा, कालीपूजा, भाऊबीज. देव संपतात तेव्हा थंडी सुरू झालेली असते.

मग परीक्षण सुरू होते. मौलालीवरून दक्षिणेला आचार्य जगदीशचंद्र बोस रोडने गेले की मल्लिक बाजार येतो. गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. टायरपारखी तिथे टायर घ्यायला जात नाही, भाव काढायला जातो. दुकानात शिरल्यावर तो प्रथम टायरला अंगठ्याचे नख रुतवतो. नख रुतले तर रबर कच्चे, नाही रुतले तर माल जुना; दोन्हीकडून दुकानदार सापडतो. मग खिशातून काडेपेटीतली काडी काढून ती खाचेत उभी करतो, जिथवर बुडते तिथे नखाने खूण करतो आणि काडी उजेडात धरतो. खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराच्या बुटक्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर, आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा, असा मोटार वाहन नियमांचा हिशेब आहे. दुकानातल्या नव्या टायरची खाच त्याहून कितीतरी खोल असते, हे काडीशिवायही दिसते. ती तरीही घातली जाते. घरच्या टायरला ती कधीच घातली जात नाही.

यानंतर जन्मतारीख. टायरच्या कडेवर लांबोळ्या चौकटीत चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा.

“दादा, हा तर पावसाळ्यातला माल.”

“पावसाळ्यात केला म्हणून भिजलेला नसतो, दादा.”

“दमट हवेचा रबरावर परिणाम होतोच ना?”

“होतो. तुम्ही थोडा चहा घ्या.”

मातीच्या भांड्यातला चहा येतो. त्याच्या संगतीने नायलॉन की रेडियल हा प्रश्न निघतो. नायलॉनची कड जाड असते, ती खड्डे आणि दगड सोसते, किंमतही कमी. रेडियल कमी तापतो, इंधन वाचवतो आणि जास्त किलोमीटर जातो. एसला कंपनी १४५ आर १२ मापाचा, ८ प्लायचा रेडियल देते, तेव्हा प्रश्न कंपनीने आधीच सोडवलेला असतो. टायरपारखीला सुटलेला प्रश्न आवडत नाही. ८ प्लाय म्हणजे आत मोजून आठ थर नसतात, तेवढ्या ताकदीचा टायर एवढाच त्याचा अर्थ, हे दुकानदार सांगतो. तो ऐकून घेतो आणि “पूर्वी खरेच आठ असायचे” असे म्हणून भांडे फोडतो.

पूर्वीचा विषय निघाला की साहागंज येणारच. हुगळीकाठच्या साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ साली सुरू झाला. देशातला टायरचा पहिला. तो बंद पडून बरीच वर्षे झाली, पण शहराच्या उत्तरेला बी. टी. रोडवरच्या एका चौकाचे नाव अजून डनलॉपच आहे, आणि बसचे कंडक्टर त्या नावाचा दिवसभर पुकारा करतात. तसा टायर पुन्हा होणे नाही, याबद्दल टायरपारखीच्या मनात संशय नाही. तो त्याने कधी वापरलेला नसतो. सिएटशी तो वेगळ्या वाटेने नाते जोडतो: कंपनीचे मूळ इटलीतल्या तुरीनचे, भारतातला कारखाना मुंबईत भांडुपला, पण १९८२ साली ती कोलकात्याच्या गोएंकांकडे आली म्हणून घरची. एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये फुगे बनवण्यापासून झाली, हेही त्याला ठाऊक असते. फुग्यात ज्यांनी हवा टिकवली ते टायरमध्ये टिकवतील, असा त्याचा तर्क आहे, आणि त्याच्या इतर तर्कांच्या मानाने तो चांगला आहे.

सल्लागारांची वाण नसते. दुसरे चालक असतात, बटाट्याचे अडते असतात, ज्याच्याकडे सायकलदेखील नाही असा एखादा हमालही बटन टायर घ्यावा की सरळ रेघांचा यावर ठाम बोलतो. (सरळ रेघांचा घ्यावा, बटन टायर मातीच्या वाटेला चांगला, डांबरावर तो घोंघावतो आणि लवकर झिजतो. हमालाचे म्हणणे बरोबर असते.) या मंडळात पंक्चरवाल्याला मात्र स्थान नाही. तो फळकुटावर बसून दिवसभर फाटलेले टायरच पाहत असतो, त्यामुळे टायर कशाने मरतो हे त्याला पक्के माहीत असते. पण तो ब्रँड विचारत नाही, नक्षी विचारत नाही. तो विचारतो, “दादा, माल किती भरता?”

हा प्रश्न टायरपारखीच्या शास्त्रात बसत नाही. एसची वाहनक्षमता कागदावर ७५० किलो. बटाट्याचे पोते ५० किलोचे, म्हणजे १५ पोत्यांत गाडी भरली. कोले मार्केटला गाडी येते तेव्हा पोती मोजणारा पंधराला थांबत नाही; पंचविसापर्यंत तो बोटे बदलत राहतो आणि वर कोबीच्या गोण्या असतात त्या धरत नाही. जास्त भार आणि कमी हवा यांनी टायरची कड प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, वाकून तापते आणि आतला सांगाडा सुटतो. नख, काडी आणि आठवडा या तिन्ही परीक्षांत उत्तम गुण मिळवलेला टायरही त्यापुढे टिकत नाही. त्याबद्दल टायरपारखी पुढच्या वेळी आठवडा बदलून पाहतो.

शेवटी खरेदी होते, पण चार टायरांची कधीच नाही. दोनच येतात. ते पुढे लागतात, कारण पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. पुढचे मागे जातात, आणि पोत्यांचा सगळा भार मागेच असल्याने ही बदली शिक्षेची असते. मागच्या दोनांतला बरा स्टेपनी होतो. दुसऱ्याचा सांगाडा शाबूत असला तर तो रिमोल्डला जातो आणि नवी नक्षी चढवून सेवेत परत येतो. शाबूत नसला तर भंगारवाल्याला वजनावर, किंवा हुगळीच्या एखाद्या जेटीला, जिथे नावेचे धक्के खायला जुने टायर टांगलेले असतात. या पद्धतीमुळे गाडीला चारही टायर वाईट असे कधी नसतात आणि चारही चांगले असेही नसतात. दर वेळी एकाबद्दल विचार करणे बाकी असते.

स्टेपनीची निवड करावी लागत नाही. ती कधी काढून पाहिलेलीच नसते. बसंती हायवेवर पहाटे तीनला पंक्चर झाले की ती प्रथम उजेडात येते आणि तिच्यात हवा नसल्याचे कळते.

फाल्गुनात भाजी ओसरते आणि कलिंगडांची चाहूल लागते. उन्हाळ्यात डांबर तापते, टायरमधला दाब चढतो, रिमोल्डचे साल सुटण्याची भीती असते. उन्हाळ्याच्या टायरचा विचार त्यामुळे वेगळा करावा लागतो. तो मल्लिक बाजारातल्या दुसऱ्या दुकानात होतो, कारण पहिल्या दुकानदाराने आता चहा विचारणे बंद केलेले असते.