साखरेचा उतारा

सोलापूर जिल्ह्यात कुणालाही 'यंदा साखर किती?' असं विचारलं, तर उत्तर नीट तपासून घ्यावं लागतं. ऊसवाला असेल तर कारखान्याचा उतारा सांगेल, साठी ओलांडलेला असेल तर एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी. दोन्ही आकडे टक्क्यांत आणि दोन्ही बहुधा सहा ते बाराच्या दरम्यान फिरणारे. उतारा नऊवर आला की चेअरमनला घोर लागतो, एचबीएवनसी नऊवर गेलं की डॉक्टरला. उताऱ्यात कोल्हापूर आमच्या कायम पुढे. दुसऱ्या आकड्यात आम्ही मागे राहत नसू, असा मला आपला एक स्थानिक अभिमान आहे.

राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात. गाळपाचा हंगाम आणि फराळाचा हंगाम साधारण एकदमच पेटतो. त्यात सहकारी कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या दरात दिवाळीची साखर मिळते. शेअर आजोबांच्या नावावर, गोळ्या आजोबांच्या, आणि पिशवी घेऊन रांगेत उभे तेही आजोबाच. घरात खाणारं कुणी उरलेलं नसलं तरी साखर आणायचीच. हक्काची आहे! आता गंमत अशी, की धडधाकट माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात, म्हणजे पाचेक लिटरमध्ये, एका वेळी मिळून जेमतेम एक चमचा साखर असते. पोत्यांनी साखर पिकवणाऱ्या जिल्ह्यात देहाचा सगळा कारभार एका चमच्यावर चालतो, हे सभासदाला पटवणं अवघड जातं.

पुण्याच्या मधुमेह्याला एका भाषेतला आग्रह सोसावा लागतो. सोलापुरात चार. २०२५ साली पाडवा ३० मार्चला आला आणि लगेच ३१ तारखेला ईद. पाडव्याला आमच्याकडं श्रीखंड. त्याच दिवशी उगादी, म्हणून कन्नड घरातून होळगी आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरातून भक्षालु. दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा. 'स्वल्प' म्हणत एकीनं वाढायचं, 'कोंचेम' म्हणत दुसरीनं, 'थोडासाच' म्हणत चाचांनी. चौघांचं थोडं-थोडं मिळून एक भरगच्च वाटी होते. उगादीच्या पचडीत कडुनिंबाचा फुलोराही असतो, पण त्याचा आग्रह करताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

बरं, खाऊन विसरावं म्हटलं तर तीही सोय नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटून बसते. पूर्वी तपासणीच्या आदल्या दिवशी नुसतं ताक पिऊन माणसं डॉक्टरांना फसवत. एचबीएवनसीपुढं ते चालत नाही. जानेवारीत रक्त द्यावं तर त्यात दिवाळीच्या करंज्यांची पुसटशी नोंद सापडतेच. मात्र त्या वहीत अलीकडच्या महिन्याचं वजन जास्त धरलेलं असतं, म्हणून संक्रांत अंगावर अधिक शेकते.

आणि संक्रांत म्हणजे आमची गड्ड्याची यात्रा. आधी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, पुढं होम, शोभेचं दारूकाम. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज पेलत निघाले की मागं चालायला कुणालाही हुरूप येतो. डॉक्टरही चाला म्हणतातच. फक्त अनवाणी चालू नका म्हणतात, कारण मधुमेहानं पायाची जाणीव कमी झालेली असली तर खडा टोचलेलाही कळत नाही. बूट घालून श्रद्धा कमी होत नाही, हे मी घरच्या वडीलधाऱ्यांना समजावण्याच्या भानगडीत पडत नाही. थोडं मागून चालतो. खिशात मात्र साखरेची पुडी ठेवतो. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणारा माणूस जेवण लांबवून गर्दीत उभा राहिला, की साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी साखरच औषध. वर्षभर जिला चुकवायचं, तिलाच खिशात घेऊन देवाला जायचं.

संक्रांतीच्याच आठवड्यात, ११ जानेवारी १९२२ रोजी, टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं. २३ तारखेपासून दिलेलं लागू पडलं. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवणं हाच इलाज होता. हे आठवलं की माझी कुरकुर जरा आवाज खाली घेते.

खरं सांगायचं तर मधुमेह्याचा सण भोगी. पावटा, हरभरा, वांगी, गाजर, दाण्याचं कूट घातलेली भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. भाजी आधी आणि भरपूर, भाकरी मागून आणि एक, एवढं पाळलं तर डॉक्टरही पंगतीला बसतील. एकच भाकरी, हे सोलापुरात कठीण. ज्वारी-बाजरीनं साखर वाढत नाही अशी इथं ठाम श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेवर माणसं शेंगाचटणीशी चार-चार कडक भाकऱ्या मोडतात. भाकरी पोटात गेल्यावर शेवटी साखरच होते, हे ज्वारीच्या कोठारात बसून कुणी बोलायचं?

भोगी झाली की दुसऱ्या दिवशी शेंगापोळी. दाण्याचं कूट, गूळ, वर तुपाची धार. 'गुळानं काय होत नाही ओ,' हे वाक्य पोळीबरोबरच वाढलं जातं. होतं, गुळातही बहुतेक साखरच. पण पोळी आठवडाभर टिकते, आणि डबा ओट्यावर असतो.

यंदा समोरच्या अक्कांनी मात्र डबा हातात द्यायच्या आधी चौकशी केली.

"ते तीन महिन्यांचं रक्त कधी तपासणार?"

"या महिन्याच्या अखेरीला."

अक्कांनी मनातल्या मनात कसलासा हिशेब केला आणि झाकण उघडलं.

"मंग दोन घ्या की ओ. तीन महिन्यांत वाटून जातंय ते."