काटा चालू, पावती बंद

तळवड्याच्या आयटी पार्कात बसून साता समुद्रापलीकडचे सर्व्हर सांभाळले जातात. तिथून हाकेच्या अंतरावर भंगाराची गाडी काट्यावर चढते, वजन लाल आकड्यांत झळकतं आणि पावती काही निघत नाही. कारण? मालकाने संगणक बदलला. नव्यात विंडोज ११, आणि काट्यावरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच्या ओळखीचाच नाही. गाडीचा ड्रायव्हर खाली तंबाखू मळतोय, प्रिंटरचा बेपत्ता.

मग शहाणे गोळा होतात. ‘टाका की तो डबा, थर्मल घ्या!’ या शहाण्यांनी गाडीच्या काचेमागे एक उन्हाळा काढलेली थर्मल पावती वाचून दाखवावी. जीएसटी कायदा म्हणतो, हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपा. शिवाय काट्यावर एका दमात तीन प्रती लागतात: गाडीवाल्याची, माल घेणाऱ्याची आणि आपल्या फाइलची. कार्बनमधून तिसऱ्या कागदापर्यंत आकडा उमटवायला हेडच्या पिनांचा ठोसाच लागतो. थर्मलवाला एका वेळी एकच कागद जाणतो. तेव्हा टीव्हीएसचा तो खडखड्या हौसेने ठेवलेला नाही, कामाचा आहे म्हणून ठेवलाय.

घोळ वायरीपासून सुरू होतो. प्रिंटरला पॅरलल पोर्ट, काट्याच्या इंडिकेटरला नऊ पिनांचा सिरियल, आणि नव्या संगणकाला बहुधा दोन्ही नाहीत. स्वस्तातला कन्व्हर्टर आणावा तर आतली चिप म्हातारी नाहीतर नकली. चिप बनवणाऱ्या प्रोलिफिक कंपनीचा नवा ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तोंडावर सुनावतो: ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याला गाठा. विक्रेता म्हणतो, ‘साहेब, विंडोजचा प्रॉब्लेम आहे.’

जपून ठेवलेली सीडीही उपयोगाची नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं, तिथे ३२ बिटांचा जुना ड्रायव्हर बसत नाही. जुन्या विंडोज १० वरच थांबावं, तर त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उरतो गुगल. ‘फ्री ड्रायव्हर डाउनलोड’ लिहायचं आणि भलंमोठं हिरवं बटण दाबायचं. त्यातून प्रिंटर सोडून बाकी सगळं बसतं, वर ‘तुमच्या संगणकात शेकडो चुका, दुरुस्तीचे पैसे भरा’ असा दमही मिळतो.

आणि औषध विंडोजच्या पोटातच पडलेलं असतं! प्रिंटर हाताने जोडताना कंपन्यांच्या यादीत ‘जेनेरिक’ शोधा, त्यात ‘टेक्स्ट ओन्ली’. लोगो येणार नाही, मराठीही छापणार नाही. पण गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि नेट एवढ्यासाठी लोगो हवाय कुणाला? हॉटेलातल्या बिलाच्या प्रिंटरांचं दुखणंही फार वेगळं नाही. त्यातल्या बहुतेकांना एप्सनची ईएससी/पीओएस आज्ञावली कळते, त्यामुळे कंपनी बुडाली तरी मशीन मुकं होत नाही. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण व्हिजिट चार्ज मात्र लागतो.

वैधमापन खात्याकडून काट्याची पडताळणी दरवर्षी होते. पावतीची पडताळणी मालकानेच करायची. नवा संगणक घ्यायला जाताना प्रिंटर आणि कन्व्हर्टर रिक्षात घालून दुकानात न्या. डोळ्यांदेखत तिन्ही प्रती निघाल्या, तरच पैसे मोजा.