छर्रेभाऊ

नागपुरात एखाद्याला स्वस्तातली एअर रायफल घ्यायची असली तर दोन गोष्टी जमाव्या लागतात. एक, घरच्या बाईची परवानगी. दुसरी, छर्रेभाऊंची पसंती. पहिली मिळू शकते.

छर्रेभाऊ हा काही एक माणूस नव्हे. महालात एक आहे, मानेवाड्यात एक आहे, प्रतापनगरात तर दोन असून त्यांचं आपसात पटत नाही. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत, वीज मंडळात नाही तर हिंगण्याच्या एमआयडीसीत. खिशात पेन असावा तसा छर्र्यांचा गोल पत्र्याचा डबा. गावात अंबाझरीची आयुध निर्माणी असल्यामुळे बंदुकीचं ज्ञान इथल्या हवेतूनच मिळतं, असा त्याचा समज आहे. ही निर्माणी तोफगोळ्यांची कवचं बनवते, रायफली बनवत नाही, हे तुम्ही त्याला सांगू नका. त्याला ते माहीत आहे. 'अंबाझरीत आपला माणूस आहे' एवढंच वाक्य त्याला पुरतं.

शिवाय प्रत्येक छर्रेभाऊच्या आजोबांनी वाघ मारलेला असतो. अर्थात १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी. कायद्याच्या बाबतीत छर्रेभाऊ काटेकोर आहे. पण या सगळ्या आजोबांच्या वाघांची बेरीज मांडली तर पेंचपासून ताडोबापर्यंत आज जिप्सीवाल्यांना दाखवायला नीलगायसुद्धा उरली नसती.

स्वतः छर्रेभाऊने मात्र चिमणीलाही कधी नेम धरलेला नाही. काटोलकडचा एखादा संत्र्याच्या बागेवाला 'माकडं हाकलाले पायजे' म्हणत बंदुकीच्या दुकानात आला की छर्रेभाऊ त्याला तिथंच अडवतो. "वानराले छर्रा लागला तर फॉरेस्टवाले तुम्हाले हाकलतील. फटाके घ्या, कुत्रं पाळा. बंदूक कागदावर चालवाची असते." दुकानदार हे ऐकतो आणि पंख्याकडे पाहतो.

दुकान बर्डीवर आहे. छर्रेभाऊ तिथं शनिवारी संध्याकाळी येतो आणि त्याचं येणं 'रायफल घ्यायला' असतं. बजेट सहा हजार. हा आकडा बऱ्याच वर्षांत हललेला नाही. दरम्यान लोखंड महागलं, लाकूड महागलं, तर्री पोह्याची प्लेट कुठल्या कुठे गेली. पण सहा हजारांत जी रायफल यायला हवी तिची छर्रेभाऊच्या डोक्यातली प्रतिमा वर्षागणिक अधिकच देखणी होत चालली आहे. तिच्या मुळाशी आहे लहानपणी काकांच्या घरी पाहिलेली आयएचपी. म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. वालचंदांच्या घराण्यातली, सिमेंटचे पाइप बनवणारी कंपनी. तिनं एके काळी जर्मन डायनाच्या वळणाच्या एअर रायफली काढल्या होत्या. पाण्याचे पाइप बनवणाऱ्यांनी इतकी सरळ नळी बनवली, मग नळीच बनवणाऱ्यांना काय झालं, हा छर्रेभाऊचा कायमचा सवाल आहे.

त्याचं खरं रूप पाहायचं तर दुसरं गिऱ्हाईक दुकानात असताना पाहावं. एक पोरगा येतो, मोबाइलवर काहीतरी पाहून आलेला. दुकानदार कपाटातून नवी कोरी रायफल काढतो, नळी सांध्यापाशी मोडून छर्रा भरतो आणि मागच्या बोळीतल्या पोत्यावर झाडतो. फाट! नळीतून बारीक धूरही येतो. पोराचे डोळे चमकतात. "काय पॉवर आहे ना!"

"पॉवर नाही, तेल जळून राहिलं," कोपऱ्यातून आवाज येतो.

आणि हे खरं असतं. कारखान्यातून निघताना सिलिंडरला लावलेलं तेल पिस्टनच्या दाबाने तापतं आणि पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं. तेल संपलं की आवाजही जातो आणि नव्या मालकाला वाटतं, बंदूक बिघडली. मग तो तिच्यात आणखी तेल ओततो. स्वस्तातल्या निम्म्या रायफली अशा प्रेमाने मरतात, असं छर्रेभाऊचं निदान आहे. निम्म्या हा आकडा त्याचा, माझा नाही.

मग तो रायफलीचा खोका उलटा करतो. खोक्यावर 'सेकंदाला १००० फूट' असं झळकत असतं. छर्रेभाऊ खिशातून पेन काढून खोक्यावरच हिशोब मांडतो. साधा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. वेगाचा वर्ग, गुणिले वजन, भागिले दोन. आले २३ ज्यूल. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी साडेचार मिलिमीटरची आणि जोर २० ज्यूलपर्यंत असेल तरच परवाना लागत नाही. "आता सांग बेटा. एक तर हा खोका खोटं बोलते, नाही तर शेठ बिनपरवान्याची बंदूक विकून राहिले. नाही तर यांनी कथलाचा हलका छर्रा मारून वेग मोजला. तिन्हीपैकी तुले काय पाहिजे?"

पोराला काहीच नको असतं. तो उद्या येतो म्हणून जातो.

छर्रेभाऊ रायफलीची परीक्षा घेतो ती मात्र बघण्यासारखी. इतवारीत वांगी घेणारी बाई आधी देठ पाहते, तसा हा आधी सांधा पाहतो. नळी मोडते त्या जागी बोटांनी आडवी हलवायची. तिथं केसभर खेळ असला तर दर वेळी नळी वेगळ्या जागी बसणार, मग नेम धरणारा अर्जुन का असेना. त्यानंतर नळीचं तोंड. छर्रा जिथून शेवटचा सुटतो ती कडा. कापसाचा बोळा त्या कडेवरून हळूच फिरवायचा. धागा अडकला तर कडा खडबडीत, छर्रा वाकडा जाणार. मग नळीतून बल्बकडे पाहायचं, आतल्या आट्या शेवटपर्यंत एकसारख्या दिसतात का. कुंद्याची पॉलिश तो शेवटी पाहतो आणि पाहिली नसल्यासारखं करतो.

ट्रिगरसाठी त्याच्याकडे हुकाचा काटा आहे, रद्दीवाल्याकडे असतो तसलाच. हुक ट्रिगरमध्ये अडकवून तो सावकाश ओढतो. "अडीच किलो. बंदूक तीन किलोची. म्हणजे ट्रिगर मागं येत नाही शेठ, बंदूकच बोटापाशी येते."

रिकामी बंदूक कुणी झाडली तर मात्र त्याला खरोखर यातना होतात. छर्रा नसला की पिस्टनला अडवायला पुढे हवेची गादी उरत नाही, तो थेट धातूवर आपटतो. "नळीत काही नाही, मी फक्त चालवून पाहिली," असं एक सद्गृहस्थ म्हणाले तेव्हा छर्रेभाऊने त्यांच्या हातातून रायफल अशी काढून घेतली की ते गृहस्थ आपोआप सॉरी म्हणाले. कुणाला, ते त्यांनाही कळलं नसावं.

शेवटची परीक्षा कागदाची. दहा मीटरवर पाच छर्रे, आणि पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. झाकली नाहीत तर दोष कुणाचा, यावर तो लगेच निकाल देत नाही. स्प्रिंगची रायफल आवळून धरायची नसते; ती मागेही जाते, पुढेही येते, तिला हातावर सैल खेळू द्यावं लागतं. शिवाय पहिल्या तीनेकशे छर्र्यांपर्यंत ती रुळत नाही. म्हणून छर्रेभाऊ दर शनिवारी येऊन दुकानातला दाखवायचा नग स्वतःच्या छर्र्यांनी रुळवतो. तो छान रुळला, भोकं नाण्याखाली यायला लागली, की दुकानदार तो भलत्यालाच विकतो आणि नवा नग काढतो. ही व्यवस्था दोघांनाही मान्य आहे, फक्त दोघंही ती मान्य करत नाहीत.

रामटेकच्या यात्रेत फुगे फोडण्याच्या स्टॉलवर छर्रेभाऊला उभं राहू देत नाहीत. तिथल्या बंदुकांची नेम धरायची मक्षिका मुद्दाम वाकवलेली असते असं लोक म्हणतात. छर्रेभाऊ दोन छर्रे फळीवर मारतो आणि पोरांना मोठ्यानं जाहीर करतो, "ही डावीकडं खाते. दोन बोटं उजवीकडं धरा." पुढल्या दहा मिनिटांत फुग्यांची रांग साफ. स्टॉलवाला त्याला चणेफुटाण्याचा पुडा देतो आणि हात जोडतो. छर्रेभाऊ पुडा घेतो. तो लाच नाही, फी आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं आणि छर्रेभाऊंचे दिवस पालटले. आईबाप पोरांना घेऊन दुकानात यायला लागले. 'याला स्वप्नीलसारखं करायचंय, स्वस्तातली दाखवा.' छर्रेभाऊ आधी दुरुस्ती करतो: ते पन्नास मीटर होतं, तीन पोझिशन, पॉइंट टू टू, हवेची बंदूकच नव्हे. मग सांगतो की हवेच्या रायफलीच्या स्पर्धेत दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्राच त्याच्या नऊपट. बाप ठिपका किती हे डोळे बारीक करून हवेत शोधतो.

परवा असाच एक बाप बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. पैसे खिशात, मन पक्कं. दुकानदाराने रायफल काढली. छर्रेभाऊने ती मुलीच्या हातात दिली आणि मनगटावरचं घड्याळ पाहत म्हणाला, "धर बेटा, खांद्याला लावून. मी सांगेपर्यंत." अर्ध्या मिनिटात नळीचं टोक खाली झुकायला लागलं. पोरगी जिद्दीची, ओठ चावून धरून राहिली, पण टोक काही ऐकेना.

"हिच्या मापाचा कुंदाच नाही हा," छर्रेभाऊ बापाला म्हणाला. "आधी क्लबात घाला. सहा महिने तिथली बंदूक वापरू द्या. उभं राहाले शिकली, श्वास धराले शिकली, का मंग या. आणि छर्रा तोंडात धराचा नाही, शिसं असते. हात धुवाचे घरी जाऊन."

बापलेक निघाले. मुलीने दारात वळून विचारलं, "काका, तुमच्याकडे कोणती आहे?"

"घेऊन राहिलो," छर्रेभाऊ म्हणाला.

ते गेल्यावर दुकानदार म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक घालवलं तुम्ही."

"घालवलं नाही शेठ. सहा महिन्यांनी चांगल्या बंदुकीसाठी येईल."

"आणि तुमचं काय? हिची भोकं तर मागच्या शनिवारीच नाण्याखाली आली. भाव पण सहाच्या आत देतो, घेऊन जा."

छर्रेभाऊने रायफल उजेडाकडे धरली, आडवी केली, उभी केली, कुंद्याजवळचा स्क्रू अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिला.

"हा सैल वाटून राहिला," तो म्हणाला. "तुम्ही कसून ठेवा. शनिवारी येतो."