तक्तेवाले काकाजी

वर्ध्यात रामनगर घ्या, आर्वी नाका घ्या, नाहीतर सावंगी मेघेकडचं एखादं नवं लेआउट घ्या. प्रत्येक वस्तीत एक गृहस्थ असा असतोच, की त्याला आरोग्य विम्यातलं सगळं कळतं आणि त्याच्याकडे आरोग्य विमा नसतो. आमच्याकडे या गृहस्थांना ‘तक्तेवाले काकाजी’ म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं पतसंस्थेत लेजर लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर लेजर सुटलं, पण आडव्या-उभ्या रेघा काही सुटल्या नाहीत.

त्यांची लांब वही बघण्यासारखी आहे. डावीकडे कंपन्यांची नावं. वरच्या ओळीत खोलीभाडं, को-पे, वेटिंग पिरियड, डे-केअर, नो क्लेम बोनस. अगदी शेवटचा रकाना ‘भरवसा’. तो अजून कोराच आहे. सगळा मजकूर पेन्सिलीने लिहिलेला, कारण प्रीमियम वाढत राहतो आणि खोडरबर स्वस्तात मिळतं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या ओळीतले दर जुने होतात, मग काकाजी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

मार्च महिन्यात त्यांच्या ओसरीवर एजंटांची गर्दी असते. काकाजी कोणाला उपाशी पाठवत नाहीत. चहा येतो, बशीत बिस्किटासारखा गोरसपाक येतो. तो चहात बुडवून खाताना मात्र एजंटाला पॉलिसीचं कलम न् कलम मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. मग काकाजी चष्मा कपाळावर चढवून तो ठरलेला प्रश्न टाकतात, “मले वर्षभर काहीच झालं नाही, तं पैसे वापस भेटतीन का?”

“नाही जी, काकाजी.”

“मंग हे तं पाण्यातच गेले!”

एजंटांना या घरी गोरसपाक मिळतो, चेक मिळत नाही.

वर्षभर धडधाकट राहणं हा काकाजींच्या हिशेबात निव्वळ तोटा आहे. स्कूटरचा विमा काढला म्हणून वर्षअखेरीस ती कुठे धडकवायला ते जात नाहीत. आरोग्य विम्याचे पैसे मात्र ‘वसूल’ झालेच पाहिजेत.

बरं, त्यांना अडाणी म्हणायची सोय नाही. खोलीभाड्याचं कलम त्यांच्याकडूनच ऐकावं. “पॉलिसी तीन लाखांची, अन् खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का. म्हणजे दिवसाले तीन हजार. तुम्ही घेतली सहा हजारांची खोली. आता तुम्हाले वाटन, फक्त वरचे तीन हजार जातीन. नाही! डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळं अर्ध्यावर येते.” ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. या एका व्याख्यानावर लेआउटमधल्या कित्येकांनी खोलीभाड्याची अट नसलेली पॉलिसी शोधून घेतली आणि ते मोकळे झाले. शिकवणारे गुरुजी तेवढे परीक्षेला बसायचे राहिले.

न घ्यायला त्यांच्याजवळ नेहमी सबळ कारण असतं आणि ते सहसा सरकारच पुरवतं. वहीचा श्रीगणेशा झाला 2018 साली. त्याच सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, तेव्हा “आधी यादीत नाव येते का पाहू.” 2023 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, की महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्याच रेशनकार्डांना लागू करायची, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. काकाजींचं कार्ड पांढरं, म्हणजे आता तेही त्यात बसणार. जुलै 2024 मध्ये योजना लागू होईपर्यंत ते निवांत होते. नंतर कळलं, की उपचारांची यादी ठरलेली आणि दवाखानेही ठरलेले. आधार म्हणून योजना चांगलीच, पण आपल्या पसंतीचा दवाखाना हवा तर वेगळी पॉलिसी हवी. म्हणजे वही पुन्हा उघडली.

तोवर नवा नियम आला. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त चार वर्षं थांबवू शकत होती, हाच तो वेटिंग पिरियड. एप्रिल 2024 पासून ती मर्यादा तीन वर्षांवर आली. काकाजी विजयी मुद्रेने म्हणाले, “पाह्यलं? थांबलो म्हणून एक वर्ष वाचलं!” काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “2018 मधे घेतली असती, तं ते चार वर्षं 2022 मधेच सरले असते. तुम्ही चाराचे तीन व्हायची वाट पाहत सहा वर्षं बसले.” काकाजींनी वही मिटली. पण महिनाभरच.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. आता तरी सही होईल, असं सगळ्यांना वाटलं. काकाजी म्हणाले, “आता कंपन्या मूळ दर वाढवतीन. थोडं पाहू.”

गंमत अशी, की याच काकाजींच्या वडिलांनी विमा काढला होता आणि तोही एका बैठकीत. वडील सेवाग्रामजवळच्या खेड्यातले. 1980 च्या सुमारास कस्तुरबा रुग्णालयातल्या डॉ. उल्हास जाजूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांसाठी विम्याची योजना सुरू केली. तिचा हप्ता ज्वारीत घेत. पीक निघालं की ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीनवाल्याने जास्त, मजुराने कमी. अट एकच मोठी होती : गावातली निदान तीन चतुर्थांश घरं सामील हवीत. कारण सरळ आहे. फक्त आजारी माणसंच आली, तर कोठार पहिल्या पावसातच रिकामं व्हायचं. अचानक आलेल्या आजारात दाखल व्हायची वेळ आली तर उपचार फुकट. हर्निया-मोतीबिंदूसारख्या, सवडीने करता येणाऱ्या ऑपरेशनला मात्र बिलाचा काही वाटा रुग्णाने द्यायचा, म्हणजे आजचा को-पे. आजच्या पॉलिसीतल्या निम्म्या अटींचं रूप त्या खळ्यावर सापडतं. काकाजींचे वडील पायलीने ज्वारी मोजून देत. ज्या वर्षी दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही, त्या वर्षी त्यांनी ज्वारी वापस मागितली नाही. शेजारच्याची बाई बाळंतपणात अडली होती, ती वाचली. त्यांच्या लेखी हिशेब तिथेच मिटला.

लेकाचा हिशेब मिटेना. मागच्या हिवाळ्यात तपासणी शिबिरात त्यांची साखर वाढलेली निघाली. फॉर्मातल्या आजारांच्या ज्या रकान्यांपुढे इतकी वर्षं ‘निरंक’ लिहिता आलं असतं, तिथे आता ‘आहे’ लिहायची वेळ आली. एक शेजारी कानाशी लागला, “फॉर्मात लिहूच नका नं.” काकाजी उसळलेच. “लपवलं अन् सापडलं, तं क्लेमही जाते, पॉलिसीही जाते. अन् खोटं लिहाले मी काय या वयात शिकू?” तेवढ्यापुरता माणूस एकदम उंच झाला. त्यांनी फॉर्म भरला, मधुमेह ठळक अक्षरांत लिहिला आणि सही करता करता पेन थांबवून एजंटाला विचारलं, “पसंत नाही पडली, तं वापस करता येते का?”

येते. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडीफार कपात होऊन पैसे मिळतात. तेव्हा वाचकहो, खोलीभाडं, को-पे, वेटिंग पिरियड आणि आपल्या भरवशाचा दवाखाना यादीत आहे की नाही, एवढे चार रकाने बघा, आजार असेल तो खरा लिहा आणि तब्येत ठणठणीत असतानाच सही करून टाका. तक्ता आखायची हौस असेल, तर ती त्या 30 दिवसांत भागवा.