सॉर्टरकाका

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीत एक सॉर्टरकाका असतातच. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं, त्यामुळे काढताही येत नाही. आमचे काका तर खरेखुरे सॉर्टर. उभी हयात रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये पिनकोड बघून पत्रं खणांत टाकण्यात गेली. निवृत्तीनंतर पत्रं आटली, हाताची सवय तेवढी उरली. अशात 2016 चे घनकचऱ्याचे नियम आले आणि कचऱ्याच्या तीन जाती झाल्या : ओला, सुका, घरगुती घातक. काकांना तीन खण म्हणजे अपमानच वाटला. आता पार्किंगमध्ये अकरा डबे आहेत.

सकाळी सातला हातमोजे चढवून काका डब्यांपाशी हजर. "काय हो, श्रावणात कोळंबी?" एवढंच विचारतात, पण लिफ्टसमोर, आणि चार माणसं असताना. कुणाची शुगर वाढणार हे डॉक्टरआधी त्यांना कळतं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवरून. कुणी रात्री गुपचूप एकत्र कचऱ्याची पिशवी ठेवून पळालंच, तर काका आतलं कुरिअरचं लेबल शोधतात आणि पिशवी त्याच्या दाराशी परत. वर चिठ्ठी : 'वर्गीकरण अपूर्ण. प्रेषकास परत.'

वार्षिक सभेत नारळाच्या करवंटीवर पाऊण तास चर्चा झाली. "जन्माने ओली, कर्माने सुकी," असा काकांचा निवाडा. त्याच सभेत, गांडूळखत केलं तर महापालिका मिळकतकरात 5 टक्के सवलत देते असं कळल्यावर सभासदांना गांडुळांचा जो उमाळा आला, तो सख्ख्या भावाच्या वाट्याला आला नसता.

काका वचकतात ते फक्त कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना. ताई कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या जुन्या सभासद. काका बाटली उलटी करून बुडाच्या त्रिकोणातला आकडा चष्म्याने वाचतात. ताई नुसती चुरगाळून आवाजावरून प्लॅस्टिक ओळखतात. चिप्सच्या पाकिटांसाठी काकांनी कौतुकाने वेगळा डबा केला, तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, आतून चंदेरी असतं ना, त्याला भंगारवाला हात लावत नाही. तुम्हीच ठेवा." काकांनी ठेवलीत.

मध्यंतरी ते मुलीकडे जर्मनीला जाऊन आले. तिथे काचेच्या बाटल्याही रंगावारी टाकतात : पांढरी, हिरवी, तपकिरी, आणि खळखळाटाने झोपमोड नको म्हणून रविवारी टाकतच नाहीत. झालं! आल्या आल्या तीन नवे डबे, बंद झाकणाचे नव्हे, जाळीचे. सोमवारी सकाळी तपकिरी डबा काठोकाठ भरलेला. त्यापुढे काका वही घेऊन, विंगवार नोंद करत उभे.

चेअरमनांनी हा उपक्रम तत्काळ थांबवण्याचा ठराव आणला. एरवी गणपूर्तीसाठी घरोघर बेल वाजवावी लागते. या सभेला खुर्च्या कमी पडल्या.